केळीचं सोपट

मोतुकुरा, ३ मार्च

इना,

सात वर्षांनी पत्र लिहिते आहे, म्हणून खुशालीच्या चार ओळींत दोघींचा वेळ घालवत नाही. तू बरी आहेस हे मला ठाऊक आहे. दर बोटीला तुमच्या वाइतेआ बेटाचं कुणी ना कुणी इथे उतरतं आणि मी विचारलं नाही तरी सांगतं. फोन केला असता, पण माझा नंबर बघून तू उचलला नसतास. पत्राचं बरं असतं, फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं लिहिते. आमच्या बेटावर आगमुंगी आली आहे. रारोतोंगाच्या प्रयोगशाळेला नमुना पाठवला होता, परवा उत्तर आलं. तुमच्याकडे होती तीच. तांबूस, तिळाच्या निम्मी, झाडावरून टपकून मानेत शिरणारी. नीरफणस काढायला कुणी वर चढत नाही. अळूच्या वाफ्यात बायका हात घालत नाहीत. शेजारच्या पापा तेआरिकींची म्हातारी कुत्री तुला आठवत असेल. मुंग्या चावून चावून तिच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय. आता ती आवाजावर शेपटी हलवते.

पाच बेटांच्या करारात सहावं कलम आहे. ज्या बेटाला अनुभव आहे त्याने माणसं आणि औषध द्यायचं. कलम मीच लिहिलेलं असल्यामुळे मला पाठ आहे. तुम्ही वाइतेआवाल्यांनी पाच वर्षं झगडून ही मुंगी घालवलीत आणि तुमच्या मुंगी-पथकाची प्रमुख तू आहेस. आमच्या बेटप्रमुखांचं रीतसर पत्र वेगळं येईल. हे माझं.

मुंगी धक्क्यावरून पसरली. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या भिंतीसाठी सिमेंट आणि लाकूड आलं, त्यातून आली असावी, असा आमचा अंदाज आहे.

आईच्या कबरीला नाताळात चुना दिला.

आकाइती


मोतुकुरा, २१ एप्रिल

इना,

औषधाचे बारा डबे पोचले. सोबत तुझ्या पथकाचं टाइप केलेलं पत्र, "प्रति, अध्यक्ष, मोतुकुरा तपासणी समिती" असं. खाली सही तुझी. लहानपणी तुझं अक्षर घोटून घेताना मी तुला किती मारलं असेल, पण सही अजून तशीच, शेवटचं अक्षर उडी मारायला निघाल्यासारखं. असो.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. चर्चच्या बायकांना जमवलं, प्रत्येकीला शंभर काड्या दिल्या. काडीच्या टोकाला पीनट बटर, दर दहा पावलांवर एक काडी, तासाभराने गोळा करायची, पिशवीत घालून वर जागेचं नाव लिहायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या काड्यांची टोकं कोरी परत आली. मी खूश झाले, मग कळलं की वाटेत बायकांनीच चाटली होती. दुसऱ्या दिवशी मी डबा माझ्या हातात ठेवला.

पापा तेआरिकी कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "बाई, एवढा खटाटोप कशाला? मुंग्यांना तुमच्या वर्गात बसवा. आठवड्यात बेट सोडून जातील."

"वर्गात बसून तुम्ही नाही गेलात ते," मी म्हटलं.

"मी बसलोच कुठे? मी पाठच्या खिडकीतून बाहेर."

धक्का, वखार आणि चर्चचं आवार, तिन्हीकडे औषध घातलं. झाडांवर जाड लापशीसारखं करून उडवलं, कारण ही मुंगी जमिनीवर कमी आणि फांद्यांत जास्त. हेही तुमच्याच कागदात होतं. कागद चांगला लिहिला आहे. कोणी लिहिला?

मागच्या गुरुवारी पाच बेटांची पडद्यावरची बैठक झाली तेव्हा तू दिसलीस. केस पांढरे झालेत. चष्मा नाकाच्या टोकावर घेतेस, आईसारखा. तू फक्त एकच प्रश्न विचारलास, "सगळ्यांत दाट मुंगी कुठे आहे?" मी म्हटलं, "धक्क्यावर." तू लिहून घेतलंस आणि वर पाहिलं नाहीस.

इथे लोक वखारवाल्या तोरोमाला बोलतात. ते सिमेंट त्याने उतरवून घेतलं होतं. "तोरोमा, पुढच्या बोटीला काय मागवलंयस, विंचू?" असं परवा कुणीतरी भर दुकानात म्हणालं. तो हसला. तो नेहमी हसतो, वर्गातही हसायचा आणि मार खायचा.

औषधाबद्दल आभार. समितीतर्फे.

आकाइती


मोतुकुरा, ९ जून

इना,

दुसरी फेरी झाली आणि फुकट गेली. धक्क्यावर मुंगी कमी झाली, पण पलीकडच्या टोकाला, विहिरीपाशी, नवी निघाली. मग शाळेमागे. मग पाद्रींच्या परसात. आम्ही एक दार लावतो तर ती दुसऱ्या दाराने आत. बायका थकल्या आहेत. काड्या लावायला आता वीसजणींच्या जागी नऊ येतात.

बैठकीत काय ठरलं ते तुला माहीत आहे, तूही हात वर केलास. एक ऑगस्टपासून मोतुकुराहून रोप, टोपली, चटई, फुलांची माळ, काहीही बाहेर जाणार नाही. वर्षभरात मुंगी आटोक्यात आली नाही तर बोट इथे फक्त इंधन आणि औषधं उतरवेल, माणसं घेणार नाही. निर्णय बरोबर आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि केलंही होतं. पण सप्टेंबरात रारोतोंगाला सगळ्या बेटांच्या गायनमंडळ्या जमतील तेव्हा आमची माणसं माळेविना, मोकळ्या गळ्याने उतरतील. आपल्यात मोकळ्या गळ्याने कोण उतरतं? स्तोत्रं गाताना लोक यांच्याकडे बघतील की यांच्या कपड्यांवर मुंगी शोधतील?

तू पाठवलेल्या कागदाच्या तळाशी हाताने लिहिलेल्या तीन ओळी वाचल्या. "ताई, धक्क्यावरच्या नमुन्यात राण्या फार कमी आहेत. ती नवी वस्ती आहे. जुनी जागा दुसरीकडे आहे. खरं सांग."

खरं सांग म्हणजे काय? मी चाळीस वर्षं या बेटाला खरं बोलायला शिकवलं. तू माझी मुख्याध्यापिका नाहीस. सात वर्षांत तुझी पहिली चार वाक्यं, आणि त्यातलं शेवटचं हे!

तोरोमाच्या बाकावर चर्चमध्ये आता तो आणि त्याची बायको दोघंच बसतात. हे मी उगाच लिहिते आहे.

आमच्या घराभोवती अजून काड्या लावलेल्या नाहीत. वेळ झाला नाही.

आकाइती


१० जून

इना,

कालचं पत्र फाडत नाही, याच पाकिटात घालते. बोट उद्या आहे.

वेळ झाला होता. दोन फेऱ्यांत मी सगळ्या बेटावर काड्या लावल्या आणि माझ्या परसात एक लावली नाही, कारण ती कशी परत येईल हे मला ठाऊक होतं. आज सकाळी लावली. आईच्या कबरीवर, डोक्याच्या बाजूला. तास कशाला, दहा मिनिटांत काडी दिसेनाशी झाली.

आता क्रमाने सांगते. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे, तरी क्रमाने सांगू दे, मला दुसरी पद्धत येत नाही.

आई गेली तेव्हा करारावर सह्या होऊन चार आठवडे झाले होते. वाइतेआवर मुंगी सापडली होती, म्हणून वाइतेआचं फूल, पान, माती कुठल्याच बेटावर उतरू द्यायची नाही. पाचही बेटांनी मिळून केलेला तो पहिला नियम आणि मसुदा माझ्या अक्षरात. मी धक्क्यावर वही घेऊन उभी होते. घरी आई ओसरीत चटईवर, कापडी फुलांच्या गोधडीखाली, आणि भोवती बायका गात होत्या. तू बोटीच्या शिडीवर आलीस. हातात केळीचं सोपट, खोडावरून सोललेलं, ओलं, दोऱ्याने बांधलेलं. आत काय असणार ते लांबून कळत होतं. अनंताचा वास लपत नाही.

मी म्हटलं, "इना, ते बोटीवरच ठेव."

"ताई, आईची माळ आहे. तिने मला लग्नात दिलेल्या झाडाची. पहाटे खुडलीय."

"कुणाचीही असो. नियम आहे."

"नियम तू केलास."

"म्हणून तर."

शिडीखाली पन्नास माणसं होती. मी तुला बाजूला घ्यायला हवं होतं. मी वही उघडली. तू ते सोपट माझ्या पायाशी टाकलंस आणि म्हणालीस, "घे, जाळ. आईला सांग, इना धक्क्यापर्यंत आली होती." आणि वळलीस. मला वाटलं, पाच मिनिटांत उतरशील. बोट दोन तास उभी होती. मी मान वर केली नाही आणि तू खाली आली नाहीस. बाबांचा हट्ट आपल्या दोघींत सारखा वाटला गेला, एवढं एकच त्यांनी न्यायाने केलं.

इथवर तुला माहीत आहे. पुढचं कुणालाच माहीत नाही.

मी पत्र्याच्या डब्यात जाळ केला. वहीत लिहिलं, "फुलांची माळ एक, जाळली." जाळात सुकी झावळी होती. सोपट माझ्या पिशवीत होतं, वहीच्या खाली.

घरी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पांढऱ्या ताटावर माळ उघडली आणि एकेक फूल झटकलं. पोरांच्या डोक्यातल्या उवा शोधण्यात चाळीस वर्षं गेलेले डोळे आहेत, इना. पाकळी न् पाकळी बघितली. एकही मुंगी नव्हती. मग माळ पदराआड धरावी तशी झग्याच्या घडीत धरली, आईपाशी बसले आणि गोधडीखालून तिच्या हातात दिली. गोधडी वर ओढली. बायका गाताना थांबून म्हणाल्या, "अनंताचा वास कुठून येतोय गं?" मी म्हटलं, "साबणाचा." आईला ती माळ हातात घेऊनच पुरलं. तुझी माळ. ती जळली नाही.

हे मी तुला सात वर्षं सांगू शकले असते. सांगितलं असतं तर माझ्याच वहीतली माझीच नोंद खोटी ठरली असती. तेवढ्यासाठी नाही सांगितलं. तुला वाटत राहिलं की बहिणीने आईचं फूल जाळलं, आणि मी ते वाटू दिलं, कारण नियम पाळणारी बाई म्हणून लोक मला मान देत होते.

आणि सोपट? सोपट मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर टाकलं, नीरफणसाच्या बुंध्याशी. सगळे टाकतात तसं. सुवाच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेल्या बाईने फुलं तपासली आणि ती ज्यात गुंडाळली होती ते तपासलं नाही. तुमच्या कागदात पहिल्याच पानावर आहे, "ही मुंगी केळीच्या सोपटांच्या थरांत घर करते." ती ओळ मी एप्रिलमध्ये वाचली, आणि तेव्हापासून मला कळलेलं आहे. तरी मी पडद्यासमोर "धक्क्यावर" म्हणाले.

अजून आहे. वर्षाने रीतीप्रमाणे आईच्या कबरीच्या दगडावरचं कापड काढलं. सगळं बेट जेवायला आलं होतं. कबरीलगतच्या त्याच नीरफणसाच्या मुळांना पिल्लं फुटली होती. मी विचार केला, येईल त्याला आईच्या झाडाचं पिल्लू द्यावं. तेरा घरांनी नेलं, मुळाला माती बांधून. विहिरीपाशी, शाळेमागे, पाद्रींच्या परसात. यादी माझ्याकडे आहे, मी सगळ्याच्या याद्या ठेवते. या पाकिटात आहे. तेराव्या क्रमांकावर धक्क्याची वखार आहे. तोरोमाने ते झाड वखारीच्या दारात लावलं. आईने त्याला लहानपणी जेवू घातलं होतं म्हणून.

तू विचारलंस, जुनी जागा कुठे. आईच्या उशाशी.

ताई


मोतुकुरा, ३० जुलै

इना,

तुझं पत्र येण्याची वाट बघितली नाही. पाकीट बोटीवर चढलं त्याच रविवारी प्रार्थनेनंतर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. यादी वाचून दाखवली. बसायला सांगितल्यावर जशी मुलं चूपचाप बसतात तसं सगळं चर्च बसलं होतं.

मग पापा तेआरिकी म्हणाले, "बाई, शिक्षा तुम्ही सांगणार की आम्ही?"

"तुम्ही सांगा."

"मग कोपऱ्यात उभ्या राहा."

मी राहिले. चर्चच्या डाव्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. मला वाटलं, आता हसतील. कुणी हसलं नाही. मागे पावलं वाजली. तोरोमाची बायको खुर्ची घेऊन आली होती. म्हणाली, "बसा बाई. गुडघे दुखतात तुमचे." एवढंच. मला ते कोपऱ्यापेक्षा जड गेलं.

समितीचं अध्यक्षपद सोडलं. धक्क्यावरची वही आता तोरोमाकडे आहे. पहिल्याच बोटीला त्याने माझी पिशवी उलटी करून बघितली, आतल्या शिवणीसुद्धा. मी म्हटलं, "असंच. मलाही सोडायचं नाही." तो म्हणाला, "तुम्हाला तर मुळीच नाही, बाई." आणि हसला. यावेळी मी मारलं नाही.

यादीने काम सोपं केलं हे तुझं म्हणणं खरं. तेरा घरांभोवती कडं करून बाहेरून आत औषध घातलं. विहिरीपाशी आणि शाळेमागे या आठवड्यात सगळ्या काड्या कोऱ्या आल्या, आणि यावेळी कुणी चाटल्या नव्हत्या. बायका पुन्हा वीस येतात. पाद्रींनी आपलं नीरफणस तोडायचं म्हटलं, पापा तेआरिकींनी कुऱ्हाड काढून घेतली. "झाडाने काय केलंय? बाईंना तोडायचं तर बोला." बंदी टळलेली नाही आणि टळू नये. पण इतर चार बेटं आपापली माणसं पाठवणार, प्रत्येकी दोन, दर सहा आठवड्यांनी आलटून पालटून, वर्षभर. पाचही बेटांनी हात वर केले. ज्या बेटाने खोटं सांगितलं त्याच्यासाठी! मी करार लिहिला तेव्हा असं कलम घालायचं मला सुचलं नव्हतं.

कबरीपाशी अजून हात लावलेला नाही. लोक म्हणाले, तिथे इना करेल.

तुझा निरोप काल आला. बेटप्रमुखांच्या कचेरीत फोन आला तेव्हा मी नव्हते, तोरोमाने लिहून घेतला आणि घरी आणून दिला. तो ओसरीच्या पायरीवर उभा राहिला. वाचून दाखवू का म्हणाला, माझा चष्मा आत होता. त्याने वाचलं, "बारा ऑगस्टच्या बोटीने येते. पथकासोबत दोन महिने राहीन. ताईला विचारा, माळ कुठल्या हातात दिली." मग तो म्हणाला, "बाई, एवढंच आहे," आणि कागद माझ्या मांडीवर ठेवून गेला.

सूचना लिहून घे. हातमोजे कोपरापर्यंतचे आण, दुकानातले संपले. पीनट बटर आण, खडबडीत नको, गुळगुळीत. बाकी काही आणू नकोस. रिकाम्या हाताने येणं तुला जमणार नाही, मला माहीत आहे, पण ये. फूल नको, टोपली नको. शिडीखाली तोरोमा वही घेऊन असेल. मी त्याच्या मागे उभी असेन, नियमाप्रमाणे पिवळ्या रेघेच्या अलीकडे. माझ्याही हातात खरं फूल नसेल. आईच्या फुलांच्या गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांतून मी कापडी फुलांची एक माळ शिवली आहे, टाके वाकडे आहेत. तोरोमाने ती तपासून पास केली आहे. तुझ्या गळ्यात घालू दिलीस तर घालीन.

तुझी खोली झाडून ठेवली आहे.

डाव्या हातात दिली, इना. उजवा मी धरला होता.

ताई